अनोळखी ग्रेडिंग कंपनीचा स्लॅब : पैसे मोजण्याआधी पडताळणी कशी करायची

ग्रेडिंग कंपनी नाणं तपासून त्याच्या अवस्थेला आकडा, म्हणजे ग्रेड, देते आणि लेबलसकट प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालते. ती डबी म्हणजे स्लॅब. कॉइनेक्ससारख्या नाण्यांच्या प्रदर्शनात, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी स्लॅबमधलं नाणं दाखवलं की बहुतेक जण एकाच क्रमाने जातात. आधी लेबल वाचतात, मग मोबाइलवर सर्टिफिकेट नंबर टाकतात, नंबर जुळला की खूश होतात आणि पैसे देतात. नंबर जुळला याचा अर्थ एवढाच, की कंपनीने छापलेलं लेबल कंपनीच्या लक्षात आहे. नाणं अस्सल आहे का, ग्रेड बरोबर आहे का, ते घासलेलं आहे का, यातलं काहीही त्यातून कळत नाही.

पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकेतल्या मोठ्या ग्रेडिंग कंपन्यांच्या स्लॅबबद्दल हा लेख नाही. ज्या कंपनीचं नाव गेल्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं आणि जिचा स्लॅब घ्यावा की नाही, किंवा जिच्याकडे स्वतःची नाणी पाठवावीत की नाही, असा प्रश्न आहे, तिच्यासाठी आहे. उदाहरणं ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाची घेतली आहेत, कारण पुण्यात सर्वांत जास्त स्लॅब त्याचेच फिरताना दिसतात.

## पूर्वतयारी

लागणारं सामान: १० पट भिंग, मान वळवता येणारा एक दिवा, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, व्यास मोजायला डिजिटल व्हर्निअर आणि एक वही. दिवा एकच हवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात घासलेलं नाणंही छान दिसतं आणि दुकानातल्या शोकेसमध्ये चारी बाजूंनी दिवे असतात ते उगीच नाही.

काटा आधी तपासून घ्या. खिशातलं दहा रुपयांचं दुरंगी नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. काट्यावर ७.७० च्या आसपास आलं तर काटा चालेल, ७.५ आलं तर आधी सेल बदला.

मग परीक्षेची नाणी जमवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. ज्यांचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशी तीन नाणी:

अ) अस्सल, थोडं वापरलेलं, कधीही न घासलेलं.
आ) अस्सल, पण घासलेलं किंवा दागिन्यातून काढलेलं.
इ) ओतीव नक्कल.

‘आ’ शोधायला लांब जावं लागत नाही. घरात देवघराच्या डब्यात बघा. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी चिंच, दही आणि अलीकडे पितांबरी लावून लख्ख केलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपया निम्म्या घरांत सापडेल. ‘इ’ जुन्या बाजारात ढिगाने मिळतं. फक्त विकणाऱ्याने ‘ओरिजिनल’ म्हणून सांगितलेला भाव देऊ नका.

तपासा: १८३५ ते १९३९ या काळातल्या चांदीच्या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के. १९४० ते १९४५ मध्ये वजन तेच, चांदी निम्मी. १९४६ आणि १९४७ चा रुपया निकेलचा. ‘१९४७ सिल्व्हर’ असं लेबल दिसलं, तर कंपनीची परीक्षा तिथेच संपली.

## टप्पा १ : कंपनी कोण, हे आधी, नाणं नंतर

वेबसाइटवर तीन गोष्टी शोधा. कंपनी चालवतं कोण, ते स्वतः नाणी विकतात का, आणि चूक झाली तर पैसे कोण देणार.

नाव-पत्ता नसेल, फक्त मोबाइल नंबर आणि फॉर्म असेल, तर इथेच थांबा. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटी पोर्टलवर टाकून कोणत्या नावावर आहे ते बघा. नंबर खरा निघाला म्हणजे कंपनी भरवशाची, असं नाही. आपल्याला फक्त नाव हवं आहे. तेच नाव विक्रेत्याच्या बिलावर दिसलं, तर ज्याने नाणं विकलं त्यानेच त्याला मार्क दिलेत. असा माणूस लबाडच असेल असं मी म्हणत नाही. पण विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर स्वतः तपासला तर त्या मार्कांना आपण जेवढी किंमत देऊ तेवढीच इथे द्या.

हमीची भाषा नीट वाचा. मोठ्या कंपन्या नकली नाण्याला अस्सल म्हटलं किंवा ग्रेड चुकवली, तर भरपाईचे नियम लिहून ठेवतात. लहान कंपन्यांकडे बहुतेकदा ‘आमचं मत हे केवळ मत आहे’ एवढं एक वाक्य असतं. ते प्रामाणिक आहे, मला मान्य. पण मग लेबलसाठी जास्तीचे पैसे का द्यायचे, हे विक्रेत्याला विचारा.

सावधान: ‘आरबीआय मान्य’, ‘सरकारमान्य ग्रेडिंग’ असं कुठेही लिहिलेलं दिसलं तर पुढे जाऊ नका. जुनी नाणी आणि नोटांच्या व्यवहारात आपण पडत नाही आणि त्यात आपल्या वतीने शुल्क किंवा कमिशन घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. ‘आयएसओ प्रमाणित’ हा शिक्का कार्यपद्धतीच्या कागदपत्रांचा असतो. घासलेलं नाणं ओळखता येतं की नाही, ते आयएसओवाले बघत नाहीत.

## टप्पा २ : मापदंड लिहून मागा

१ ते ७० ही मोजपट्टी बहुतेक सगळेच वापरतात. ६० च्या खाली वापरलेली नाणी, ६० पासून वर कोरी. आकडे सारखे म्हणजे माप सारखं, असा समज असतो आणि तिथेच फसगत होते. एका कंपनीचा ६४ दुसरीकडे ५५ निघू शकतो.

कंपनीला मेल करा, फोन नको. फोनवर सगळे गोड बोलतात. प्रश्न साधे ठेवा: एका नाण्याला किती जण बघतात? वजन आणि व्यास नोंदवता का? घासलेल्या, कडी काढलेल्या, भोक बुजवलेल्या नाण्याचं काय करता? नकली निघालं तर परत पाठवता की ‘रेप्लिका’ म्हणून स्लॅब करता? फी कधी परत देता?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. नीट काम करणारी कंपनी अशा नाण्याला आकडा देत नाही. ‘डिटेल्स’ लिहून दोष नोंदवते. ‘आम्ही एक-दोन ग्रेड कमी करतो’ असं उत्तर आलं, तर दोष लेबलवर दिसणार नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो कळणारही नाही. मेलचं उत्तरच आलं नाही, तर तेही वहीत लिहा.

## टप्पा ३ : सर्टिफिकेट नंबरच्या शेजाऱ्यांकडे जा

हातातल्या स्लॅबचा नंबर टाकाच, पण तिथे थांबू नका. शेवटचा आकडा एकाने वाढवा, मग आणखी एकाने. मागेही जा. दहा-पंधरा शेजारी बघितले की कंपनीचा स्वभाव कळतो.

सगळ्यांना ६३ ते ६६ च्या मध्येच मार्क आहेत? एकही ‘डिटेल्स’ नाही? भारतातली जुनी चांदी पूजेत, माळेत आणि सराफाच्या कसोटीवर आयुष्य काढून आलेली असते. त्यातून सलग पंधरा कोरी नाणी येणं म्हणजे दहावीच्या वर्गात सगळ्यांनाच पंच्याण्णव टक्के पडण्यासारखं आहे.

नंबरपाशी फोटो आहे का, हे बघा. असेल तर हातातल्या नाण्यावरची एखादी ठळक खूण, ओरखडा किंवा टोनिंगचा (काळाबरोबर धातूवर चढलेल्या रंगाचा) डाग, फोटोत त्याच जागी हवी. फोटो नसलेला नंबर कुठल्याही नाण्यावर चिकटवता येतो.

याच यादीत लेबलचं ज्ञानही तपासून घ्या. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली उठावाचा ठिपका असेल तर नाणं मुंबई टांकसाळीचं, नसेल तर कलकत्त्याचं. फोटोत ठिपका आणि लेबलवर ‘कलकत्ता’, असं दोन-तीनदा दिसलं तर समजा की तिथे कुणी भिंग उचलत नाही. ‘पिग रुपी’ हे नाव फक्त १९११ च्या नाण्याला लागतं. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून ठसा बदलला. १९१३ च्या रुपयावर ‘पिग’ छापलेला स्लॅब मी स्वतः पाहिला आहे. विकणारा त्याचे जास्त पैसे मागत होता.

## टप्पा ४ : डबी

यावर फार वेळ घालवू नका. सांधा चारी बाजूंनी एकसंध आहे का, नखाने किंवा कार्डाने उघडतो का, लेबल आत सरळ बसलं आहे का, नाणं हलतं का. नुसतं दाबून बंद होणारं कवच असेल, तर आतलं नाणं आज एक आणि उद्या दुसरं.

एक गोष्ट मात्र बघाच: नाण्याची कड दिसते का? चारी बाजूंनी पांढरा गॅस्केट (नाणं धरून ठेवणारी चकती) असेल तर कड झाकली जाते, आणि आपल्याकडच्या रुपयांचे निम्मे दोष कडेवरच असतात.

## टप्पा ५ : लेबल झाकून नाणं बघा

स्लॅब हातात घेतला की आधी लेबलवर कागद लावा. खरंच लावा. मार्क दिसत असले की डोळा त्याच दिशेने वाकतो. मी पंचवीस वर्षं नाणी बघतोय, माझाही वाकतो.

आता क्रम पाळा.

पहिली कड. दिवा शेजारी ठेवा आणि स्लॅब फिरवत कड जेवढी दिसेल तेवढी बघा. दाते सगळीकडे सारखे हवेत. घड्याळातल्या बाराच्या जागी दाते बुजलेले किंवा रंग वेगळा दिसला तर तिथे कडी झाळलेली होती. सहाच्या जागीही बघा. माळेतल्या नाण्यांना काही वेळा खाली घुंगरू असतो.

दुसरी मोकळी जागा, म्हणजे चेहऱ्यासमोरची आणि मागची सपाट पृष्ठभूमी. स्लॅब दिव्याखाली हळूहळू तिरका करा. कोऱ्या नाण्यावर चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासलेल्या नाण्यावर चमक फिरत नाही, सगळीकडे एकदम उजळते, आणि भिंगातून एकाच दिशेला जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात. प्लॅस्टिकवरच्या ओरखड्यांना यात धरू नका. स्लॅब किंचित हलवला की ते नाण्यावरून सरकतात, नाण्यावरच्या रेषा जागच्या हलत नाहीत.

तिसरी उंचवटे. पंचम जॉर्जच्या रुपयावर भुवई, मिशी, कान, मुकुटाची खालची पट्टी आणि झग्यावरचा हत्ती. तिथे रंग मंद, करडा आणि सपाट झाला असेल तर नाणं फिरलेलं आहे. मग आकडा साठच्या वर जाऊ शकत नाही. ठसाच कमी उठलेला असू शकतो, हे खरं. पण तेव्हा सपाट जागेवरही चमक शिल्लक असते. झिजलेल्या जागेवर ती नसते.

चौथी अक्षरं. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ, गोलसर असतात, आणि अक्षराच्या पायाशी भिंगातून बारीक बुडबुड्यांचे खळगे दिसतात.

मग वहीत स्वतःची ग्रेड लिहा. त्यानंतरच कागद काढा.

माझ्यावर जी वेळ आली ती हा क्रम न पाळल्यामुळेच. १९१९ चा रुपया, लेबलवर एमएस (मिंट स्टेट, म्हणजे कोरं) ६४, कंपनी नवी. लेबल आधी वाचलं, नंबर जुळवला, फोटोही जुळला. घरी आल्यावर आठवडाभराने टेबलाच्या दिव्याखाली सहज फिरवला तर चमक फिरेचना. भिंगातून पाहिलं, तर राजाच्या नाकासमोर उभ्या बारीक रेषा, जणू कुणी कोरड्या फडक्याने वरून खाली पुसलंय. रविवार पेठेतल्या ओळखीच्या सराफांना दाखवला. त्यांनी भिंगही घेतलं नाही. स्लॅब उलटा करून कड बघितली आणि म्हणाले, “काका, याच्या डोक्यावर कडी होती की. झाळ काढून पॉलिश केलंय.” कंपनीला कळवलं. उत्तर आलं, की ग्रेड हे केवळ मत असतं.

सावधान: स्लॅबमध्ये गेलेल्या नाण्याचं वजन करता येत नाही. हॉलमार्किंग सेंटरमधल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) मशीनवर स्लॅब ठेवून प्लॅस्टिकमधून आलेलं रीडिंगही धरू नका. उघड्या नाण्याच्या बाबतीतसुद्धा ते मशीन फक्त पृष्ठभाग वाचतं, जाड मुलामा त्याला फसवतो. म्हणून ज्या कंपन्या लेबलवर वजन छापतात त्यांना माझ्याकडून एक गुण जास्त.

## टप्पा ६ : परीक्षेची नाणी पाठवा

एखाद्या कंपनीकडे स्वतःची दहा-वीस नाणी द्यायची असतील, तर आधी अ, आ आणि इ पाठवा. तीन नाण्यांची फी जाईल. पुढच्या वीस नाण्यांची वाचेल.

पाठवण्याआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन आणि व्यास लिहा. चांदीची खात्री घरीच करता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असं धरा. अस्सल ९१.७ टक्के चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल. तेवढ्याच वजनाच्या पितळी नकलेला आकडा बराच मोठा येतो, १.३५ च्या आसपास. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, म्हणून हलकेच हलवून घ्या. नंतर मऊ कपड्याने टिपा. पुसू नका, नाहीतर ‘अ’ चं ‘आ’ होईल.

फॉर्मवर नाण्याबद्दल स्वतःचं मत लिहू नका. ‘कदाचित घासलेलं असावं’ असं लिहिलंत तर परीक्षेचा पेपर उत्तरासकट दिलात.

कुरिअरच्या अटी वाचा. बऱ्याच कंपन्या नाणी आणि मौल्यवान धातू स्वीकारत नाहीत किंवा त्यांची भरपाई देत नाहीत. पाकीट हरवल्यावर हे कळून उपयोग नाही. नाणी पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात घालू नका. जास्त काळ पडून राहिली तर हिरवट चिकट थर घेऊन परत येऊ शकतात.

सावधान: ‘त्यापेक्षा थेट अमेरिकेला पाठवतो’ म्हणणाऱ्यांसाठी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ग्रेडिंगसाठी पाठवून परत आणायचं आहे, या सबबीने सुटका होत नाही. शिवराई, अंकुशी रुपया, व्हिक्टोरियाची सगळी नाणी यात येतात, आणि दरवर्षी पंचम जॉर्जचं आणखी एक साल त्यात जातं.

निकाल आल्यावर असं वाचा. ‘इ’ ला ग्रेड मिळाली तर विषय संपला. ‘आ’ ला दोष न लिहिता आकडा दिला, तर त्या कंपनीच्या कोणत्याही चकचकीत नाण्यावर विश्वास ठेवू नका. ‘अ’ तुमच्या अंदाजापेक्षा एक पायरी वर-खाली आला, म्हणजे तुम्ही ५५ म्हणालात आणि त्यांनी ५८ दिले, तर ते माणसाच्या नजरेचं अंतर आहे. ५५ चे ६३ झाले तर ते गिऱ्हाईक खूश ठेवण्याचं अंतर आहे.

वेळ असेल तर आणखी एक करा. दोन-तीन महिन्यांनी ‘अ’ स्लॅबमधून काढून, दुसऱ्या कुणाच्या नावाने त्याच कंपनीला पुन्हा पाठवा. स्लॅब फोडण्याचा सराव आधी स्वस्त नाण्यावर करा. पक्कड घसरली तर राजाच्या गालावर कायमची खूण राहते.

## टप्पा ७ : बाजार त्या लेबलला काय देतो

मुंबईच्या तोडीवाला ऑक्शन्स किंवा बंगळुरूच्या मरुधर आर्ट्ससारख्या लिलावगृहांचे जुने कॅटलॉग चाळा. या कंपनीचे स्लॅब तिथे येतात का? आले तर वर्णनात ग्रेड ठळक लिहिली आहे की लिलावगृहाने स्वतःची वेगळी ग्रेड दिली आहे? दुसरं असेल, तर जाणकारांनी उत्तर देऊन टाकलं आहे.

मग दोन व्यापाऱ्यांना स्लॅब दाखवून घेण्याचा भाव विचारा. विकण्याचा नाही, घेण्याचा. लेबलकडे न बघता रॉ, म्हणजे स्लॅबशिवायच्या, नाण्याचा भाव सांगितला, तर लेबलची किंमत शून्य. समजा रॉ नाणं १,८०० रुपयांना जातं, विक्रेता स्लॅबचे ४,५०० मागतो आणि दोघंही घेताना १,५०० म्हणतात, तर वरचे २,७०० रुपये प्लॅस्टिकचे आहेत.

इथे होणारी चूक म्हणजे विक्रेत्याने ऑनलाइन मागितलेला भाव हाच बाजारभाव धरणं. मागायला काय, कुणी एक लाखही मागेल. विकला गेलेला भाव बघा.

वहीत कंपनीच्या नावाने एक पान ठेवा आणि तारीख टाका. लहान कंपनीत बघणारा माणूस बदलला की हात बदलतो, म्हणून वर्षाने ‘आ’ पुन्हा पाठवावं लागतं. माझं ‘आ’ म्हणजे तोच १९१९ चा रुपया. ६४ चं लेबल काढून टाकलं आणि आतापर्यंत तो तीन कंपन्यांकडे जाऊन आला. दोघींनी त्याला साठच्या वर मार्क दिले. तिसरीने ‘डिटेल्स, कडी काढलेली’ लिहून परत पाठवला, आणि पुढची सहा नाणी मी तिच्याकडे दिली.